पाटी नसलेल्या जागा: मोठ्या शहरातला एलजीबीटी वारसा शोधायचा कसा, सिद्ध कसा करायचा आणि वाचवायचा कसा

सुरुवात एका फोटोपासून करते. १९६६ चा एप्रिल महिना, न्यूयॉर्कमधला ज्युलियस नावाचा बार. काउंटरपाशी सूट-टाय घातलेले चार जण उभे आहेत, त्यांनी आत्ताच सांगितलंय की आम्ही होमोसेक्शुअल आहोत आणि आम्हाला ड्रिंक हवंय, आणि बारटेंडरने ग्लासच्या तोंडावर हात ठेवलाय. बस, एवढंच आहे फोटोत. त्या काळी समलिंगी माणसाला दारू दिली की तो बार 'बेशिस्त' ठरायचा आणि लायसन्स जायची भीती असायची, म्हणून तो हात. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मॅटाशीन सोसायटीच्या मंडळींनी हे मुद्दाम घडवून आणलं, सोबत पत्रकार आणि फोटोग्राफर नेले, आणि त्यातून गे बारवरच्या छळाविरुद्ध लढायला एक ठोस केस उभी राहिली. बार आजही चालू आहे. बाहेरून बघाल तर कोपऱ्यावरची एक साधी जुनी इमारत. शहराने तिला लँडमार्कचा, म्हणजे जपायच्या वारसा-वास्तूचा, दर्जा दिला डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी.

एवढा वेळ का लागतो हे कळलं की पुढचं सगळं काम कळतं. हेरिटेजवाल्यांची नजर कमानी, घुमट, नामवंत आर्किटेक्ट यांच्यावर तयार झालेली असते, आणि आपल्या, म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर (एलजीबीटी) लोकांच्या, जागा असतात भाड्याच्या खोल्या, तळघरं, कॅफेटेरिया, चर्चचा मागचा हॉल. भिंतीकडे बघून काहीच कळत नाही. त्यामुळे तिथे काय घडलं हे कागदाने आणि माणसांच्या तोंडून सिद्ध करणं आणि ते नेमक्या त्या इमारतीला बांधून दाखवणं, हेच खरं काम. बाकी फॉर्म, अर्ज वगैरे नंतर होतं.

१. यादी करा, पण यादीत फक्त बार नकोत

पहिल्या बैठकीत लोक सांगतात ती नावं बहुतेक बारची आणि क्लबची असतात. ती हवीतच, पण तेवढ्यावर थांबलात तर इतिहास एकाच गटाचा होतो, ज्यांच्या खिशात पैसे होते आणि रात्री बाहेर पडायची मुभा होती त्या पुरुषांचा. लेस्बियन बायकांचा इतिहास कितीदा तरी कुणाच्या घरातल्या बैठकीत, पुस्तकाच्या दुकानात, छापखान्यात सापडतो. ट्रान्स लोकांचा रात्रभर उघड्या असणाऱ्या खानावळीत, स्वस्त लॉजमध्ये, रस्त्याच्या कोपऱ्यावर. न्यूयॉर्कने जून २०१९ मध्ये एकदम सहा जागांना दर्जा दिला ती यादी मला नमुना म्हणून फार आवडते: लेखक जेम्स बाल्डविनचं घर, कवयित्री ऑड्री लॉर्डचं स्टेटन आयलंडवरचं घर, कॅफे चीनो हे छोटं थिएटर, गे अॅक्टिव्हिस्ट्स अलायन्सने भाड्याने घेतलेलं जुनं फायर स्टेशन, विमेन्स लिबरेशन सेंटर, आणि एलजीबीटी कम्युनिटी सेंटर. सहात एकही बार नाही.

हॉस्पिटलं विसरू नका. एड्सच्या काळात ज्या वॉर्डात शेकडो तरुण दगावले त्या जागेला कुणी हेरिटेज म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटल त्या साथीच्या अगदी मध्यभागी होतं, २०१० ला ते बंद पडलं, त्या जागी महागडे फ्लॅट आले, आणि २०१६ मध्ये समोरच्या छोट्या बागेत एड्स मेमोरियल उघडलं. तसंच कोर्ट, पोलीस चौकी, जिथे धरपकड व्हायची अशा बागा, यासुद्धा आपल्याच जागा. दुःखाच्या असल्या तरी.

यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. पत्ता, काय घडलं, कधीपासून कधीपर्यंत, कुणी सांगितलं, पुरावा काय, आज तिथे काय आहे, धोका किती. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण पाडकामाची परवानगी निघालेली इमारत सगळ्यात आधी हातात घ्यायची असते, भले तिचा इतिहास तुलनेने छोटा का असेना.

२. पत्ता पक्का करा

हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण अर्धे अर्ज इथेच पडतात. घरांचे नंबर बदलतात, दोन इमारती जोडल्या जातात, परत वेगळ्या होतात, बार शेजारच्या गाळ्यात सरकतो आणि नाव तेच राहतं. स्टोनवॉलचंच बघा ना, न्यूयॉर्कमधला हा गे बार, जिथे जून १९६९ मध्ये पोलिसांच्या छाप्याविरुद्ध समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा उठाव झाला. तेव्हा तो बार ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या ५१ आणि ५३ अशा दोन्ही नंबरांत पसरलेला होता, आजचा बार फक्त ५३ मध्ये आहे, आणि ५१ मध्ये कितीतरी वर्षं भलतीच दुकानं होती, जून २०२४ ला तिथे व्हिजिटर सेंटर सुरू झालं. म्हणजे कुणी नुसतं आजच्या बारचं दार धरून अर्ज केला असता तर अर्धी जागा बाहेर राहिली असती. शिवाय दंगल काही फक्त आत झाली नाही, समोरची बाग आणि आजूबाजूचे रस्ते यांत ती अनेक रात्री चालली, म्हणून अमेरिकेतल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीतल्या १९९९ च्या नोंदीत बाग आणि रस्तेही धरलेत. हद्द आखताना घटनेची हद्द बघा, भिंतीची नाही.

पत्त्यासाठी बघायच्या गोष्टी: जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, दारूच्या परवान्यांची फाईल, विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने नकाशे, कर खात्याने काढलेले इमारतींचे फोटो, बांधकाम खात्याकडचे दुरुस्तीचे प्लॅन. आणि समाजाच्या आतले कागद, म्हणजे मासिकांतल्या जाहिराती, खिशात मावणाऱ्या बार-गाईड, मोर्च्याची पत्रकं, काडेपेटीची झाकणं. काडेपेटीवर पत्ता असतो, आणि लोक काडेपेट्या जपून ठेवतात.

कागद किरकोळ आहे म्हणून फेकू नका असं मी सगळ्यांना सांगते आणि त्याला कारण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागात ऑगस्ट १९६६ मध्ये कॉम्प्टन्स कॅफेटेरियात ट्रान्स बायका आणि ड्रॅग क्वीन्स (बायकांच्या वेशात वावरणारे पुरुष) पोलिसांविरुद्ध उभ्या राहिल्या, कपबशा फेकल्या, काचा फुटल्या, हे स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी. त्या वेळच्या पेपरांनी दखलच घेतली नाही, नेमकी तारीख आजही कुणाला माहीत नाही. सुझन स्ट्रायकर या इतिहासकार बाईंना १९९० च्या दशकात १९७२ च्या प्राइड परेडच्या एका कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेख सापडला, त्यावरून त्यांनी प्रत्यक्ष हजर असलेली माणसं शोधून काढली आणि २००५ मध्ये डॉक्युमेंटरी केली. एका कार्यक्रमपत्रिकेवरून. पुढे शहराने त्या कोपऱ्याला लँडमार्क केलं.

३. माणसं आहेत तोवर त्यांना भेटा

हे काम कुठल्याही क्रमात बसत नाही, हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवायचं. एड्सने एक अख्खी पिढी नेली, त्यांच्या घरच्यांनी कितीतरी पत्रं आणि फोटो लाजेपायी टाकून दिले, आणि जे उरलेत ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

मुलाखतीत साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही आणि आठवत नाही म्हटल्यावर माणूस मिटून जातो. त्याऐवजी विचारा, तेव्हा तुम्ही नोकरी कुठे करत होतात, राहायला कुठे होतात, कुणाबरोबर गेला होतात, बाहेर थंडी होती का, कुठलं गाणं वाजत होतं. त्यातनं साल आपल्याला काढता येतं.

आणि कागद-पेन्सिल घेऊन जा. मी एकदा पंचाहत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांकडे बसले होते, प्रश्न असा होता की एक जुना क्लब दोन शेजारच्या इमारतींपैकी कुठल्या इमारतीत होता, आणि त्यांना नंबर सांगता येईना. मी म्हटलं, काढून दाखवा. त्यांनी थरथरत्या हाताने चौकोन काढला, दार, दारामागे भोकातून बघणारा माणूस, डावीकडे काउंटर, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, आणि मागच्या खोलीपाशी आले तशी पेन्सिल थांबली. म्हणाले, "इथे दोन पायऱ्या उतराव्या लागायच्या, नवीन आलेला प्रत्येक जण अडखळायचा, मी पण अडखळलो, आणि ज्याने धरलं त्याच्याबरोबर मग मी एकोणीस वर्षं राहिलो." आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. नंतर बांधकामाचे जुने प्लॅन काढले तर दोनपैकी एकाच इमारतीत मागच्या खोलीची जमीन खाली दाखवलेली होती. पायऱ्या दोनच. पत्त्याचा प्रश्न मिटला.

आता संमती. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा लांबवते. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सांगा की हे कुठे जाणार, कोण ऐकणार, नाव छापणार का. लेखी घ्या. घरी जाऊन विचार बदलला तर काढून टाकू असं लिहून द्या आणि खरंच काढून टाका. माणूस स्वतःबद्दल मोकळेपणी सांगतो पण त्याच्या बोलण्यात दुसऱ्यांची नावं येतात, ते दुसरे जिवंत असतील, त्यांची बायकामुलं असतील, त्यांनी कधी कुणाला सांगितलं नसेल. ती नावं झाकायची. पन्नास वर्षांपूर्वीचं गुपित हे अजून त्या माणसाचंच गुपित आहे. खाजगी घराचा पत्ता नकाशावर टाकताना आज तिथे कोण राहतं तेही बघा, त्यांच्या दाराशी गर्दी व्हायला नको. आणि काही देशांत, काही वस्त्यांत जागा जाहीर करणं म्हणजे तिथल्या लोकांना धोक्यात घालणं असतं. अशा वेळी नोंद करा, पुरावा जपा, आणि जाहीर करू नका. वाट बघणं हाही जपण्याचाच भाग आहे.

शब्दांचीही काळजी घ्या. शंभर वर्षांपूर्वी दोन बायका आयुष्यभर एका घरात राहिल्या असतील तर त्या एकत्र राहिल्या, एकमेकींना अशी अशी पत्रं लिहिली, हे लिहा. आजचा शब्द त्यांच्यावर चिकटवायची घाई नको, पण "घट्ट मैत्रिणी" म्हणून पुसूनही टाकू नका.

४. आधीच संरक्षित असलेल्या इमारती तपासा

हा माझा सगळ्यात आवडता मार्ग, कारण यात कमी भांडण आणि लवकर निकाल. शहरातल्या हेरिटेज यादीतल्या इमारतींची जुनी नोंदपत्रकं काढून वाचा. बहुतेकांत खिडक्यांचं वर्णन असतं आणि राहणाऱ्यांबद्दल एक ओळ. स्टोनवॉलची इमारत ज्या ग्रेनिच व्हिलेज हेरिटेज भागात येते तो भाग एप्रिल १९६९ मध्येच संरक्षित झाला होता, उठावाच्या दोन महिने आधी! म्हणजे इमारत पाडता आली नसती, पण ती का महत्त्वाची हे कागदावर कुठेच नव्हतं, ते स्वतंत्र लँडमार्कच्या रूपाने २०१५ मध्ये आलं.

स्टेटन आयलंडवरच्या फोटोग्राफर अॅलिस ऑस्टन यांच्या घराची राष्ट्रीय नोंद आधीपासून होती, २०१७ मध्ये ती दुरुस्त करून गर्ट्रूड टेट यांच्याबरोबरचं त्यांचं दीर्घ सहजीवन त्यात घातलं. इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेने २०१६ च्या 'प्राइड ऑफ प्लेस' प्रकल्पात असंच केलं, लेखक ऑस्कर वाइल्डच्या लंडनमधल्या घरासारख्या जागांची नोंद नव्याने लिहिली, आणि लोकांना स्वतः नकाशावर जागा टाकायला सांगितलं. तुमच्या शहरात दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते विचारा, बरेचदा एक पत्र आणि पुराव्याच्या प्रती पुरतात.

५. महत्त्व लिहा

अर्जाचा गाभा म्हणजे दोन-तीन पानांचं निवेदन. बहुतेक देशांत इमारतीला दर्जा मिळतो तो घटना, व्यक्ती किंवा वास्तुकला यांपैकी कशाच्या तरी आधारावर, आणि आपल्याला बहुतेकदा पहिले दोन लागतात. कुठला आधार घेतोय ते पहिल्याच परिच्छेदात सांगा.

मग येतो नेहमीचा आक्षेप: इमारत आता पूर्वीसारखी राहिली नाही. दार बदललं, फरशी बदलली, साइनबोर्ड गेला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कवी वॉल्ट व्हिटमन १८५५ साली ज्या घरात राहत होते ते अजून उभं आहे, पण बाहेरून फार बदललंय म्हणून शहराने त्याला दर्जा द्यायला नकार दिला. यावर माझं मत स्पष्ट आहे. गुप्तपणे चालणाऱ्या जागांनी मुद्दाम साधं दिसायचं ठरवलेलं असतं, त्यांच्याकडून जपलेला दर्शनी भाग मागणं अन्यायाचं आहे. पण मत सांगून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं. त्या काळचा फोटो आणि आजचा फोटो एकाच कोनातून शेजारी लावा, काय टिकलंय ते मोजून सांगा: इमारतीची उंची, खिडक्यांची रचना, दाराची जागा, रस्त्याशी नातं. त्या काळचा माणूस आज तिथे उभा राहिला तर ओळखेल का, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कुणा प्रत्यक्ष माणसाकडून लेखी घेतलं तर फार वजन पडतं.

दुसरा आक्षेप वयाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदीत साधारण ५० वर्षांचा नियम आहे, तरी स्टोनवॉल तिसाव्या वर्षी आत गेलं, कारण असामान्य महत्त्वासाठी अपवादाची तरतूद आहे. तुमच्याकडच्या नियमात अपवादाचं कलम शोधा.

पोलिसांचे आणि पेपरांचे कागद वापरताना त्यांची शिवराळ भाषा तशीच्या तशी आपल्या वाक्यात घेऊ नका. अवतरणात टाका, आणि तारीख, पत्ता, किती जणांना पकडलं एवढं त्यातून घ्या. छापा टाकणाऱ्यांनी नोंद नीट ठेवली, ती आता आपल्या कामाला येते.

६. कुठला दर्जा नेमकं काय वाचवतो

इथे फार गोंधळ होतो. सन्मानाची नोंद आणि कायद्याचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदीत नाव असलं तरी खाजगी मालक स्वतःच्या पैशाने इमारत पाडू शकतो, आणि मालकाने हरकत घेतली तर नोंदच होत नाही. पाडकाम रोखण्याची ताकद बहुतेक वेळा शहराच्या लँडमार्क कायद्यात असते. ब्रिटनमध्ये लिस्टिंगला, म्हणजे सरकारी वारसा यादीतल्या नोंदीला, ती ताकद आहे, रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या लंडनच्या पबला सप्टेंबर २०१५ मध्ये त्या यादीतला ग्रेड टू दर्जा मिळाला, एलजीबीटी इतिहासासाठी तिथे मिळालेला तो पहिला. मागे लागले होते ते पबचे नेहमीचे लोक आणि कलाकार, कारण इमारत एका प्रॉपर्टी कंपनीने विकत घेतली होती आणि पुढे काय होणार याची धास्ती होती.

शक्य असेल तर दोन्ही घ्या. आधी सोपं, त्याचा आधार दाखवून अवघड.

७. मालक आणि सुनावणी

मालकाला पहिली बातमी पेपरातून कळता कामा नये. आधी भेटा, कागद दाखवा, बदल करायला काय परवानगी लागेल आणि काय लागणार नाही हे खरं खरं सांगा, दुरुस्तीसाठी अनुदान किंवा करसवलत असेल तर तिची माहिती घेऊन जा. काही मालकांना अभिमान वाटतो. काही दार लावून घेतात, तरी एकदा भेटलोय हे सुनावणीत सांगता येतं.

सुनावणीला बोलणाऱ्याला फार तर दोन-तीन मिनिटं मिळतात असं धरून चला. एकाने कागदोपत्री पुरावा, एकाने तिथला अनुभव, एकाने आजूबाजूच्या रहिवाशांतर्फे, एकाने आर्किटेक्ट म्हणून इमारतीवर, अशी वाटणी करा, सगळ्यांनी तेच तेच बोललात तर ऐकणारे पेन खाली ठेवतात. ज्येष्ठ माणसांना येणं जमत नसेल तर त्यांचं पत्र कुणा तरुणाने वाचावं. आपल्या वॉर्डाच्या लोकप्रतिनिधीची लेखी पाठिंब्याची ओळ सुनावणीच्या दिवशी हातात हवी.

८. इमारत वाचली, आतलं गेलं तर?

हा सगळ्यात दुखरा भाग. दर्जा भिंतीला मिळतो, भाडं वाढायचं थांबत नाही. लंडनमध्ये २००६ ते २०१७ या काळात एलजीबीटी ठिकाणांची संख्या ५८ टक्क्यांनी घटली असं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात दिसलं, आणि त्यात चालणारी, भरलेली ठिकाणंही होती.

म्हणून वापर वाचवायचे मार्ग वेगळे शोधावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ पासून जुन्या धंद्यांची वेगळी नोंदवही आहे, तिला जोडून मदतही मिळते. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात जॉइनर्स आर्म्स नावाचा पब २०१५ ला बंद झाला, तिथे नवी इमारत बांधायची परवानगी २०१७ मध्ये देताना अट घातली गेली की त्यात एलजीबीटी ठिकाण असलंच पाहिजे. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला म्हणून ती अट आली. नियोजन खात्याच्या नोटिसा दर आठवड्याला वाचणारा एक माणूस तुमच्या गटात ठेवाच.

९. पाडलेल्या जागा

त्याही यादीत ठेवा. पॅराडाइज गॅरेज हा नाइटक्लब, जिथे एक अख्खी पिढी नाचायला शिकली, त्याची न्यूयॉर्कमधली इमारत २०१८ मध्ये पाडली. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी लढणारे डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड यांची बर्लिनमधली लैंगिक विज्ञान संस्था १९१९ ला सुरू झाली, ६ मे १९३३ ला नाझींनी लुटली, चारच दिवसांनी तिथली पुस्तकं जाळली, आणि पुढे युद्धात इमारतही गेली. अशा ठिकाणी फलक, फुटपाथवरची खूण, नकाशावरचा ठिपका, चालत फिरायची वारसा-सैर, एवढंच हातात उरतं. फलकावर काय घडलं ते स्पष्ट लिहा. "येथे एक सामाजिक संस्था होती" असल्या गुळमुळीत मजकुराला मान्यता देऊ नका, समितीत कुणीतरी तो सुचवणारच.

१०. कागद स्वतःकडे ठेवा

दर्जा मिळाला की लोक फाईल सरकारकडे देऊन मोकळे होतात. तसं करू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल राष्ट्रीय स्मारकाच्या सरकारी वेबसाइटवरून ट्रान्सजेंडर हा शब्दच काढला गेला, ज्या उठावात ट्रान्स लोक होते त्याच्याच पानावरून. नोंद सरकारकडे असते तेव्हा ती बदलायचा अधिकारही सरकारकडे असतो.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करा: एक गटाकडे, एक एखाद्या विद्यापीठाच्या किंवा शहराच्या संग्रहात, एक समाजाच्या स्वतःच्या आर्काइव्हमध्ये. न्यूयॉर्कचं लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज १९७४ मध्ये असंच सुरू झालं, पुढे वर्षानुवर्षं ते एका बाईच्या अपार्टमेंटमध्ये होतं, बायका आपापली पत्रं, डायऱ्या, फोटो आणून द्यायच्या, मग देणग्या गोळा करून ब्रुकलिनमध्ये एक घर घेतलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते घर स्वतःच शहराचं लँडमार्क झालं.

तुमच्याकडे घर नसेल तर खोकं पुरेल, फक्त ओल लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, टाचण्या आणि रबरबँड काढून टाका, आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने आधी पत्ता लिहा, मग तारीख, मग कुणी दिलं ते.